एकतीस डिसेंबरचा चष्मा

माणसाला त्याचेच पैसे त्याच्याच तब्येतीवर खर्च करायला लावायचे, यात अवघड ते काय, असं मलाही एके काळी वाटायचं. आता कुणी तसं म्हणालं तर मी नुसता त्याच्याकडे बघतो. जास्त बोललो तर माझा रक्तदाब वाढतो, आणि तो किती वाढतो हे आमच्या अख्ख्या गावाला माहीत आहे. कसं माहीत झालं, तेच सांगायला बसलोय.

मिनेसोटातल्या आमच्या गावात एकच मोठा कारखाना आहे आणि तो शवपेट्यांचा आहे. ओक, अक्रोड, आणि ज्याला ते परवडत नाही त्याच्यासाठी पाइन. त्या कारखान्यात कर्मचाऱ्यांच्या आरोग्याची काळजी घेणारा अधिकारी मी, हार्लन ट्वाइट. यातला विनोद मला रोज कुणी ना कुणी समजावून सांगत असतं, तेव्हा तुम्ही तसदी घेऊ नका.

माझ्याकडे एक खातं आहे. म्हणजे ज्याचं त्याचंच, पण डोकेदुखी माझी. पगारातून आपण सांगू तेवढी रक्कम वर्षभर बाजूला पडते, त्यावर कर लागत नाही आणि ती खात्याच्या कार्डानं औषधं, दात, चष्मा असल्या गोष्टींवर खर्च करायची. एवढं सरळ आहे. फक्त एकतीस डिसेंबरपर्यंत खर्च केली नाही तर ती गेली. कुठं गेली? कारखान्याकडे. गेल्या वर्षी निम्म्या लोकांचे पैसे असेच बुडाले आणि जानेवारीत जेवणघरात कॉफीचं नवं चकचकीत यंत्र आलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही, असं आमच्या मॅनेजरनं, कर्टिसनं, इतक्या वेळा सांगितलं की सगळ्यांची खात्रीच पटली. तेव्हापासून त्या यंत्राची कॉफी पिताना लोक माझ्याकडे बघतात.

आता तुम्ही म्हणाल, ही माणसं कंजूष असतील. मुळीच नाही. ही माणसं भिडस्त आहेत. आमच्याकडे कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नको म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा ‘बरं, तुम्ही एवढं म्हणताय तर अर्धा द्या’ असं म्हणायचं. ताटातला केकचा शेवटचा तुकडा कुणी उचलत नाही. प्रत्येक जण त्याचा अर्धा घेतो, मग पुढचा त्या अर्ध्याचा अर्धा, आणि संध्याकाळी ताटात नुसता चुरा उरतो, तो पक्ष्यांना घालतात. आता अशा माणसानं खात्यातल्या पैशांचं काय करावं? खातं आग्रह करत नाही. तीनदा सोडाच, एकदाही करत नाही. म्हणून पैसे पडून राहतात आणि यंत्र येतं.

या वर्षी कुणाचाही पैसा बुडू द्यायचा नाही, असं मी ठरवलं. खरं सांगायचं तर सगळ्यांचं मी लोकांना ऐकवण्यासाठी म्हणत होतो. मनातून मला एकीचीच काळजी होती, ती म्हणजे व्हर्ना स्टोके.

व्हर्ना पेटीच्या आतलं साटिनचं अस्तर शिवते. चुण्या घालते, उशी करते, कडेला टीप मारते. कारखान्यात तिच्याइतकं जुनं कुणी नाही. वर्षभर तिनं नव्या चष्म्यासाठी पैसे टाकले होते आणि जुना चष्मा, त्याची एक काडी साटिनच्या दोऱ्यानं बांधून, तसाच वापरत होती. मी नोव्हेंबरात तिच्या शिलाई मशीनपाशी गेलो.

“व्हर्ना, डोळे तपासून आलात?”

“येणारच होते रे. पण त्या दिवशी शेजारच्या पोराचा चष्मा फुटला. त्याची परीक्षा. मी म्हटलं, जा बाळा माझ्या जागी.”

“आणि त्याच्या आधीच्या वेळी?”

“तेव्हा पाद्रीबाबांना वेळ हवी होती. देवाच्या माणसाला कसं थांबवायचं?”

डोळ्यांचा डॉक्टर आमच्या गावात महिन्यातून एकदा येतो, आणि व्हर्ना दर वेळी स्वतःचा नंबर कुणाला तरी देऊन घरी जाते. इकडे अस्तरं वाकडी यायला लागली होती. कर्टिसनं मला बोलावून दार लावून घेतलं.

“मेलेला माणूस तक्रार करत नाही रे हार्लन, पण त्याची मेहुणी करते. जानेवारीत पुन्हा टीप वाकडी आली तर व्हर्नाला पॅकिंगला टाकावं लागेल.”

पॅकिंग म्हणजे ओकची पेटी दोघांनी उचलून ट्रकमध्ये ठेवायची. व्हर्नाचं वय आणि तिची कंबर बघता तिला पॅकिंगला टाकणं म्हणजे घरी पाठवणं, हे कर्टिसलाही कळत होतं. मी तिला हे जमेल तेवढं मऊ करून सांगितलं. ती म्हणाली, “पॅकिंगला पण चांगली माणसं आहेत,” आणि मशीनकडे वळली. मग बराच वेळ तिनं मशीनचं पायडल दाबलंच नाही. मला फार वाईट वाटलं.

तर मी जत्रा भरवायची ठरवली. नाताळच्या आधीच्या शुक्रवारी, जेवणघरात. गावातल्या औषधांच्या दुकानाची मालकीण लिनेआ टेबलं मांडणार, खात्याच्या कार्डावर चालणाऱ्या झाडून सगळ्या वस्तू आणणार, आणि शिवाय शेजारच्या शहरातल्या चष्म्याच्या दुकानाची गाडी येणार, डोळे तपासायच्या खुर्चीसकट. ती गाडी फक्त व्हर्नासाठी होती, पण तसं म्हटलं तर व्हर्ना आलीच नसती, म्हणून मी ‘सर्वांसाठी’ असं लिहून लावलं.

आदल्या संध्याकाळी मी दारातला बर्फ उपसत होतो. शेजारचा डेलमर स्वतःचं बर्फ उडवायचं यंत्र बंद करून सल्ला द्यायला आला. डेलमरनं आयुष्यभर विमा विकला, त्यामुळं माणसांच्या मनातलं आपल्याला कळतं असं तो समजतो.

“घ्या घ्या म्हणू नकोस,” तो म्हणाला. “उरलं तर फेकून देणार म्हण. वाया गेलेलं आपल्याकडे कुणाला बघवत नाही.”

मी हसून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चष्म्याची गाडी महामार्गाच्या कडेला बर्फात रुतली आणि तिथूनच परत गेली. लिनेआ मात्र आली. थर्मामीटर, गुडघ्याचे पट्टे, उन्हाची क्रीम, घोरणं थांबवायच्या पट्ट्या, मूळव्याधीचं मलम, बसायच्या गोल उश्या, उवा मारायचं औषध, सगळं तिनं छान मांडलं. लोक आले, खिशात हात घालून टेबलापासून चार हात लांब उभे राहिले.

“छान मांडलंय.”

“हो. कुणाला तरी उपयोग होईल.”

“होईल ना, नक्की होईल.”

आणि निघून गेले. दुपारपर्यंत लिनेआनं फक्त एक खोकल्याची गोळी खपवली, तीही स्वतःला. शेवटी माझा धीर सुटला. मी खुर्चीवर उभा राहिलो आणि डेलमरचं वाक्य जसंच्या तसं ओरडलो, की उरलं तर हे सगळं वाया जाणार आहे. लोकांचे चेहरे कसनुसे झाले. पेट्या उचलणारा ड्वेन पुढं आला आणि हळूच म्हणाला, “हार्लन, स्वतःसाठी नाही, पण दुसऱ्या कुणाला द्यायचं म्हटलं तर चालेल का?”

इथं मी थांबायला हवं होतं. नियम आठवायला हवा होता. मी नियमांचा अधिकारी आहे, माझ्या दारावर तशी पाटी आहे. पण दिवसभरात पहिल्यांदाच एका माणसाचा हात टेबलाकडे आलेला बघून मला गहिवरून आलं आणि मी म्हणालो, “का नाही चालणार? घे की!”

बघता बघता टेबल साफ. माणसं रांगेत उभी, कार्डं बाहेर. मी माझ्या बायकोला, आर्डिसला, फोन करून सांगितलं की तुझ्या नवऱ्यानं आज इतिहास घडवला. ती म्हणाली, “दूध घेऊन ये.”

त्याच दुपारी नाताळच्या भेटींचा कार्यक्रम होता. महिन्यापूर्वी चिठ्ठ्या टाकलेल्या, ज्याला ज्याचं नाव आलं त्यानं त्याला भेट द्यायची. एकेकानं मध्ये यायचं, सगळ्यांसमोर कागद फाडायचा आणि आनंद दाखवायचा, अशी आमची रीत. पहिला कर्टिस आला. कागद फाडला. आतून चामखीळ घालवायचं औषध निघालं.

“अरे वा,” कर्टिस म्हणाला. “हे... अगदी उपयोगी आहे.”

मग हिशेबातल्या बाईंना उवांची फणी निघाली. ड्वेनला पायाच्या बुरशीची पावडर. कुणाला कुणाबद्दल काय वाटतं, हे आमच्या गावात कधी बोलून दाखवत नाहीत. ते सगळं त्या दिवशी रंगीत कागदात, रिबिनी बांधून बाहेर आलं. आणि प्रत्येक जण ‘वा, हेच हवं होतं’ म्हणत होता, आणि कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हतं.

माझं नाव व्हर्नाला आलं होतं. तिनं दिलेलं खोकं सगळ्यात मोठं होतं. आत रक्तदाब मोजायचं यंत्र होतं, आणि त्याच्या खाली कंबरेला विजेचे हलके झटके देऊन दुखणं थांबवणारं दुसरं, त्याहून महागडं यंत्र.

“लावून बघ,” व्हर्ना म्हणाली. “या जत्रेपायी किती लाल झालायस.”

मी तीनदा नको म्हणालो. तेवढ्यात तिघांनी मिळून माझ्या दंडाला पट्टा बांधला. यंत्र फुगलं, गुरगुरलं, आणि मग रेडिओवर बातम्या देतात तशा खणखणीत आवाजात बोललं, “तुमचा रक्तदाब. अतिशय. वाढलेला आहे. कृपया. डॉक्टरांना भेटा.” कुणीतरी म्हणालं, पुन्हा बघा, घाबरला असेल. पुन्हा बघितलं. यंत्रानं तेच सांगितलं, फक्त आकडा आणखी वर नेला. अख्खा कारखाना आपल्या दंडाकडे टक लावून बघत असताना ज्याचा रक्तदाब खाली येतो, असा माणूस मला एकदा बघायचाय.

“बोलणारं कशाला घेतलंत, व्हर्ना?” मी कसंबसं विचारलं.

“साधी होती रे. पण त्यांच्यावर आकडेच नव्हते. मी लिनेआला म्हटलं, कोरी यंत्रं कशी विकतेस?”

मी यंत्राच्या पडद्याकडे बघितलं. एकेक आकडा माझ्या अंगठ्याएवढा होता. चष्म्याचे सगळे पैसे तिनं माझ्या दंडाला बांधले होते आणि तिला ते आकडे दिसतही नव्हते. मला तिथंच रडू येत होतं, पण दंडाला ते यंत्र होतं, म्हणून आवरलं.

केबिनमध्ये जाऊन मी खातं सांभाळणाऱ्या कंपनीला फोन लावला. पलीकडची बाई फार गोड बोलत होती.

“सर, स्वतःसाठी किंवा घरच्यांसाठी चालतं. भेट चालत नाही. तुमचे कर्मचारी एकमेकांचे नवरा-बायको आहेत का?”

“दोघं आहेत, पण ते एकमेकांशी बोलत नाहीत.”

“मग बाकीच्यांना वस्तू स्वतः वापराव्या लागतील किंवा परत कराव्या लागतील, सर. नाहीतर कार्डं बंद होतील. नाताळच्या शुभेच्छा!”

सोमवारी मी सगळ्यांना जेवणघरात जमवलं आणि ज्यानं जे विकत घेतलं ते त्यानं परत घ्यावं, अशी विनंती केली. आमच्याकडे दिलेली भेट परत मागणं म्हणजे पुरलेला माणूस उकरून काढण्यासारखं आहे, आणि शवपेट्यांच्या कारखान्यात हे मी कुणाला सांगायला नको. “नाही, राहू दे त्याच्याकडे.” “छे, माझं काय अडलंय?” कुणी जागचं हललं नाही. कर्टिस चामखिळीची बाटली पाठीमागे लपवून उभा होता. ती निम्मी संपली होती.

रात्रीच्या जेवणाला मी आर्डिससमोर हात टेकले. ती बटाटे कुस्करत होती.

“स्वतःसाठी ही माणसं काही घेणार नाहीत,” ती म्हणाली. “पण दुसऱ्याला अडचणीतून काढायला काय वाटेल ते करतील. सांग, घेतलं नाहीत तर माझी नोकरी जाईल.”

“मी याचना करू?”

“अरे, तुला बोलणाऱ्या यंत्रानं बांधून ठेवलं होतं. आता कसला मान उरलाय?”

दुसऱ्या दिवशी मी तसं सांगितलं. परिणाम विलक्षण झाला. माणसं एकदम गंभीर झाली, एकेक करून पुढं आली, आपापली वस्तू उचलली आणि जाताना माझ्या खांद्यावर थोपटून गेली. व्हर्नानं दोन्ही यंत्रं बगलेत मारली, म्हणाली, “तुझ्यासाठी हं, फक्त तुझ्यासाठी,” आणि लिनेआकडे परत करून आली. मी सुटलो असं वाटलं.

संध्याकाळी घरी आलो तर दारात पहिलं ताट. खिमा, घेवडा, वर बटाट्याच्या गोळ्यांचा थर, ओव्हनमधून नुकतं काढलेलं. आमच्याकडे हे ताट कुणी मेलं, घर जळलं किंवा नोकरी गेली तरच येतं. रात्रीपर्यंत तशी इतकी ताटं आली की फ्रीज भरला, गॅरेज भरलं, आणि उरलेली मी गाडीच्या डिकीत ठेवली, कारण डिसेंबरात आमची डिकी फ्रीजपेक्षा थंड असते. डेलमर ताट घेऊन आला आणि टोपी काढून उभा राहिला.

“किती दिवस दिलेत?”

“कारखान्यानं?”

“कारखान्यानं कशाला? डॉक्टरांनी. त्या यंत्राचं कळलं मला.”

त्याच्या मागून ड्वेन आला. बूट झटकत, खाली बघत तो म्हणाला, “हार्लन, आम्ही पोरांनी ठरवलंय. तू ओक घेतोस की अक्रोड? आपल्या माणसांना सवलत आहे, आणि अस्तर व्हर्ना शिवणार.” मी तीनदा नको म्हणालो. पहिल्या दोन वेळा रीत म्हणून आणि तिसऱ्यांदा अगदी मनापासून.

व्हर्नाचे पैसे कार्डावर परत यायला वर्षाचा शेवटचा दिवस उजाडला. गावात येणारा डोळ्यांचा डॉक्टर त्या महिन्याचा येऊन गेलेला. उघडं होतं ते एकच दुकान, शहरातलं, तासाभरात चष्मा हातात देणारं. मी व्हर्नाच्या दारात गाडी लावली.

“मी शहरात चाललोच होतो,” मी म्हणालो. आमच्याकडे कुणावर उपकार करता येत नाहीत. फक्त तिकडेच चाललेलं असता येतं.

“मग ठीक आहे,” ती म्हणाली. “तू चाललाच असशील तर.”

रस्ताभर बर्फ होता. दुकानात पोचलो तेव्हा बंद व्हायला थोडाच वेळ उरला होता आणि डॉक्टर शेवटचा एकच नंबर घेणार होता. तो व्हर्नाचा. तेवढ्यात दार उघडून एक शेतकरी आत आला. त्याच्या हातात चष्म्याचे तुकडे होते.

“कुत्र्यानं चावला,” तो म्हणाला. “पण काही घाई नाही. मी तसाच बसतो.”

व्हर्ना उठली. मला कळलं ती का उठली. “तुम्ही जा ना आधी,” ती म्हणाली. “माझं काही अडलेलं नाही.”

“छे, छे, तुमची वेळ आहे.”

“नाही, खरंच जा.”

तिसऱ्यांदा काय होणार, हे मला माहीत होतं. आणि मी उभा राहून बोललो, “नाही!”

मी ट्वाइट घराण्यातला. आमच्या घरात गेल्या तीन पिढ्यांत कुणी असं उघडं, मागंपुढं काही न लावलेलं ‘नाही’ परक्या माणसाला म्हटलेलं नाही. “नाही. यांचं अडलेलं आहे. यांना दिसत नाही, यांची नोकरी जाणार आहे, आणि यांची वेळ यांचीच आहे. तुम्ही थांबा. आणि व्हर्ना, तुम्ही आत जा. आत्ता.”

शेतकऱ्याची टोपी हातात आली. “बरोबर आहे तुमचं,” तो पुटपुटला. व्हर्ना माझ्याकडे बघत राहिली. बघत म्हणजे माझ्या दिशेनं. मग आत गेली आणि दार लागलं.

मी त्या शेतकऱ्याची माफी मागितली. मग पुन्हा मागितली. मग बाहेर जाऊन डिकीतून एक ताट आणून त्याच्या मांडीवर ठेवलं. त्यानं दोनदा नको म्हटलं. डॉक्टरनं शेवटी त्यालाही आत घेतलं, कारण डॉक्टरही आमच्याच भागातला होता, पण ते व्हर्नानंतर.

परतताना गावच्या नाक्यावरच्या कॅफेत थांबलो. व्हर्ना दर शुक्रवारी इथं येते. वाढणारी पोरगी आली, वही न काढताच म्हणाली, “नेहमीचं सूप ना, व्हर्ना?”

“थांब,” व्हर्ना म्हणाली.

तिनं टेबलावरचं जेवणाचं कार्ड उचललं आणि नव्या चष्म्यातून वाचायला लागली. मोठ्यानं. भाजलेला टर्की, सोबत रस्सा. तळलेला मासा. खिम्याचा वडा, कुस्करलेले बटाटे. डुकराचं मांस, सफरचंदाच्या चटणीबरोबर. एकही ओळ गाळली नाही. पानाच्या खाली बारीक अक्षरात लहान मुलांचं जेवण होतं, तेही वाचलं. पोरगी ताटकळत उभी होती, मागच्या टेबलावरची माणसं वळून बघत होती, आणि व्हर्नाला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

“पहिल्या ओळीवर सूप असतं, तेवढं ठाऊक होतं,” ती म्हणाली. “बाकीचं विचारत बसून कुणाला कशाला खोळंबवायचं?”

मग तिनं कार्ड मिटलं आणि माझ्याकडे, अगदी सरळ माझ्याकडे बघितलं.

“हार्लन, इतकी वर्षं मला वाटत होतं, मला सूप आवडतं.”